वांझ म्हणण्याआधी: पाळलेल्या हत्तिणीच्या गर्भाशयाबद्दल कोणी बोलणार आहे का?

दावण

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यक, आता निवृत्त. तीस वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी गाभण आहेत की उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या, हे तपासण्यात गेली. हत्ती माझा विषय नाही. पण एक हत्तीण मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

२०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारात गेली, तेव्हा आपण सगळे हळहळलो. कुणी मठाच्या बाजूनं, कुणी न्यायालयाच्या. तिचे पाय, नखं, सांधे, एकटेपण, सगळ्यावर भरभरून लिहिलं गेलं. १९९२ पासून मठात असलेली मादी. पण मादी म्हणून तिच्या पोटात काय चाललं असेल, यावर एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. मला दोन्हीपैकी कुठल्याच बाजूशी भांडायचं नाही. मला फक्त न विचारलेला प्रश्न विचारायचा आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एका देवस्थानच्या हत्तिणीसाठी मला बोलावणं आलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांची तिच्यावर खरंच माया होती. चाळिशी उलटलेली. माहूत म्हणाला, "साहेब, महिना झाला, मागचे पाय ओले राहतात. कधी कधी लाल दिसतं." मी सवयीनं शेपटीखाली पाहिलं. तिथे फक्त गुदद्वार. हत्तिणीचं योनिमुख तिथे नसतंच. ते पोटाखाली, मागच्या दोन पायांच्या मधे, बरंच पुढे, खाली तोंड करून उघडतं. तिथून आतला मार्ग मीटरभराहून लांब, आधी वर चढतो, मग कटिभागात वळतो. आयुष्यभर खांद्यापर्यंत हात घालून गाईचं गर्भाशय चाचपलं, पण इथे माझा हात कुठेच पोचणार नव्हता. सोनोग्राफीचं यंत्र जिल्ह्यात जनावरांसाठी नव्हतं.

मी तिच्याजवळ बराच वेळ उभा राहिलो. तिनं सोंडेचं टोक माझ्या खिशाशी आणलं, हुंगलं, परत नेलं. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला सुकलेल्या स्रावाचा तपकिरी ओघळ होता आणि त्यावर माश्या. माहूत दर थोड्या वेळानं ओल्या गोणपाटानं तो पुसत होता, न सांगता, न बोलता.

प्रतिजैविकं दिली. थांबलं. पुन्हा सुरू झालं. काही महिन्यांनी ती बसली ती उठली नाही. कागदावर 'वृद्धत्व' असं लिहिलं गेलं. शवविच्छेदनाला मी होतो. गर्भाशयाच्या भिंतीत गाठीच गाठी. काही सुपारीएवढ्या, दोन नारळाएवढ्या. आतल्या अस्तराला पाणी भरलेले फोड. देवळात झाडलोट करणाऱ्या एका आजींनी विचारलं, "हिला कधी पिल्लू झालं होतं का हो?" माहूत म्हणाला, "तीन वर्षांची आणली. तेव्हापासून नर पाहिलेलाच नाही तिनं."

मग मी वाचायला लागलो. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो.

गाय २१ दिवसांनी माजावर येते. हत्तिणीचं चक्र १३ ते १८ आठवड्यांचं. म्हणजे वर्षाला तीन, फार तर चार वेळा, आणि दर वेळी फळण्याची वेळ दोन-चार दिवसांची. गाभण राहिली तर सुमारे २२ महिने. पिल्लू शंभरेक किलोचं. ते दोन वर्षं आणि त्याहून जास्त अंगावर पितं. दोन वेतांत चार-पाच वर्षांचं अंतर. आता हिशेब करा. रानातली हत्तीण वयात आल्यापासून बहुतेक काळ एक तर गाभण असते, नाही तर दुभती. तिची चक्रं रिकामी जातात ती मोजकीच. देवळाच्या आवारात बांधलेल्या हत्तिणीचं चक्र मात्र तीस तीस वर्षं रिकामं फिरत राहतं. दर फेरीत संप्रेरकं गर्भाशयाला तयार करतात आणि काहीच घडत नाही.

बर्लिनच्या संशोधन संस्थेतल्या थॉमस हिल्डेब्रांट, फ्रँक ग्योरित्झ, रॉबर्ट हेर्मेस या मंडळींनी बऱ्याच पाळीव हत्तिणींची आणि गेंड्यांच्या माद्यांची सोनोग्राफी केली. विण न झालेल्या माद्यांमध्ये प्रजननाचे अवयव बाकी शरीराच्या आधीच म्हातारे होतात, असं त्यांनी दाखवलं. आशियाई हत्तिणीत मुख्यतः गर्भाशयातल्या गाठी, म्हणजे बायकांना होतात तसले फायब्रॉइड, आणि अस्तरातले फोड. मादी दिसायला धडधाकट, जेमतेम मध्यमवयाची, पण तिच्या गर्भाशयाचे दिवस सरलेले. एकदा लवकर गाभण राहिली, तर पुढचा त्रास बराच टळतो असं दिसतं.

माझं म्हणणं एवढंच: आपण या माद्यांना नर दाखवला नाही, कळप दिला नाही, आणि मग कागदावर 'वांझ' लिहून मोकळे झालो. निदान तपासा तरी. लक्ष्मी म्हणून जिच्यापुढे हात जोडतो, तिच्या पोटाची एक नोंद तरी असावी.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

---

रानवाट

सुन्न झालो. गोणपाटाचं वाचून पुढे वाचवेना.

एक शंका. आपल्याकडे पैसा नाही, यंत्रं नाहीत, मान्य. पण परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांकडे सगळं आहे. तिथे हत्तिणींना पिल्लं सहज होत असतील ना?

---

मिसूरीची_माई

रानवाट, नाही हो, सहज अजिबात नाही. मी स्प्रिंगफील्डला राहते. इथल्या डिकरसन पार्क झूमध्ये नोव्हेंबर १९९९ मध्ये जगातलं पहिलं कृत्रिम रेतनातून झालेलं आशियाई हत्तीचं पिल्लू जन्मलं. नाव हाजी, आईचं नाव मूला. पुढच्याच वर्षी इंडियानापोलिसला आफ्रिकन हत्तिणीला तसंच पिल्लू झालं. मी मूळची जीवरसायनशास्त्राची, त्यामुळे हे कसं जमलं ते मन लावून वाचलं होतं.

दावणकाकांनी रेतनाच्या कांड्या हजारो गाईंना भरल्या असतील. पण गाईचा माज डोळ्यांना दिसतो. हंबरते, दुसरीवर चढते, सोट टाकते. हत्तिणीचा माज माणसाला जवळजवळ दिसतच नाही. तो नराला कळतो. मादीच्या लघवीत एक रसायन उतरतं, नर सोंडेच्या टोकानं ते टिपतो आणि टाळूला लावून ओळखतो. गंमत म्हणजे हेच रसायन शंभराहून जास्त जातींच्या पतंगांच्या माद्या नराला बोलवायला वापरतात!

मग माणसानं कसं ओळखायचं? रक्त काढून. हत्तिणीच्या चक्रात एलएच हे संप्रेरक दोनदा उसळतं. पहिल्या उसळीला बीजांड सुटतच नाही. बरोबर तीन आठवड्यांच्या आसपास दुसरी उसळी येते, तेव्हा सुटतं. पहिली उसळी शरीरानं कशासाठी ठेवली, यावर अजून अभ्यास चालू आहे, पण डॉक्टरांसाठी ती देणगीच ठरली. पहिली उसळी रक्तात सापडली की कॅलेंडरवर तीन आठवडे मोजायचे आणि वीर्य, दुर्बीण, सोनोग्राफी, माणसं सगळं सज्ज ठेवायचं. त्यासाठी महिनोन्महिने रोज, काही काळ दिवसाआड, कानामागच्या शिरेतून रक्त. हत्तीण शांत उभी राहायला हवी, म्हणजे माहुतावर तिचा विश्वास हवा. यंत्र पुढची गोष्ट.

२०१३ मध्ये व्हिएन्नाच्या शोनब्रुन झूला तर दक्षिण आफ्रिकेतल्या रानटी नराचं गोठवलेलं वीर्य वापरून पिल्लू झालं, इक्वा नावाचं. नराला रानातून न हलवता.

पण हे यशाचे किस्से. दुसऱ्या बाजूला कितीतरी आफ्रिकन हत्तिणींचं चक्रच बंद पडलेलं असतं. आठवड्याला रक्त तपासलं तरी प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे बीजांड सुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची, रेषा सपाट. आशियाईंपेक्षा आफ्रिकनांत हे खूपच जास्त. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, वाढलेलं सापडतं, पिल्लू नसताना. वजन, गटातली भांडणं, चालायला जागा नसणं, याचाही संबंध दिसतो.

आणि हाजी? २००२ मध्ये गेला, हत्तींच्या हर्पिस विषाणूनं. तीन वर्षांचाही नव्हता.

---

गौरी_श

लेख पोचला. पण शीर्षकातला 'वांझ' हा शब्द मला टोचला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं फायब्रॉइडचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. मूल नाही. हळदीकुंकवाला ओटी भरताना बायका मला ओलांडून पुढे जातात, हे मी अजूनही बघते. गाठी आधी होत्या की मूल नाही म्हणून गाठी झाल्या, याचं उत्तर मला कुठल्या डॉक्टरनं सरळ दिलं नाही, आणि सासरी ते कुणी विचारलंही नाही. तुमच्या त्या हत्तिणीसारखंच, बाहेरून सगळं ठीक. महिन्याला आठ-आठ दिवस रक्त जायचं, तरी मी गौरीच्या जेवणाला पंचवीस पानं वाढायची.

हत्तिणीला हा शब्द कळत नाही, हे तिचं नशीब.

---

दावण

गौरीताई, माफ करा. शब्द कागदावरचा होता, त्या हत्तिणीच्या नोंदीत तोच लिहिलेला होता, म्हणून शीर्षकात आणला. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. आम्ही दवाखान्यातही किती सहज बोलतो, 'ही भाकड, विकून टाका'. मी स्वतः शेकडो वेळा बोललोय. संपादक मंडळाला शीर्षक बदलायला सांगू का?

तुमचा प्रश्न खरा तर हत्तींच्या डॉक्टरांनाही पडला होता. गाठींमुळे गर्भ राहत नाही की गर्भ न राहिल्यानं गाठी होतात? हत्तिणींत उत्तर बरंचसं दुसऱ्या बाजूला झुकतं. आधी रिकामी वर्षं, मग गाठी, मग गाठींमुळे पुढे कधीच नाही. बाईच्या शरीराला हे जसंच्या तसं लावू नये, तेवढं मला कळतं.

---

गौरी_श

राहू द्या शीर्षक. लोकांनी तो शब्द वाचून थांबायला हवं.

---

सह्यकडा

मी वेगळी बाजू मांडतो, राग मानू नये.

'पिल्लू झालं असतं तर गाठी टळल्या असत्या' हे शास्त्र म्हणून ठीक. पण यातून पुढे काय निघणार? पाळीव हत्तिणींना गाभण ठेवा. म्हणजे आणखी पिल्लं साखळदंडात. आईचं गर्भाशय वाचवायला पोराला जन्मठेप!

२००८ मध्ये 'सायन्स'मध्ये युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांवर अभ्यास आला होता. तिथे जन्मलेल्या आफ्रिकन माद्यांचं मध्यम आयुष्य १६.९ वर्षं. केनियाच्या अंबोसेलीत नैसर्गिक मरण येणाऱ्या माद्यांचं ५६. आशियाई हत्तिणींचं संग्रहालयात १८.९, तर म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्यांचं ४१.७. म्हणजे ओंडके ओढणारी हत्तीणसुद्धा युरोपच्या झूपेक्षा दुप्पट जगते. आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्येच सांगितलं की झूमधले हत्ती छावण्यांमध्ये, मोकळ्या जागेत हलवा. ती दिशा बरोबर आहे. प्रजनन नको, संख्या हळूहळू संपू द्या.

---

नीलगिरीकर

सह्यकडा, आकडे बरोबर आहेत, पण तुम्हीच दिलेल्या म्यानमारच्या आकड्याकडे नीट बघा ना. ती हत्तीण का जगते?

मी कोइमतूरला नोकरीला होतो, मुदुमलैच्या तेप्पकाडू छावणीत खूप वेळा गेलो. तिथे आणि म्यानमारमध्ये पूर्वापार पद्धत अशी की दिवसाचं काम झालं की हत्तींना रात्री रानात सोडायचं. मागच्या पायात साखळी ओढत जातात, सकाळी माहूत आणि कावडी, म्हणजे त्याचा मदतनीस, माग काढून आणतात. रात्रीत रानटी नर भेटतो. बहुतेक पिल्लांचा बाप रानातलाच. दुर्बीण नाही, रक्त नाही, तीन आठवडे मोजणं नाही. गाभण हत्तिणीचं काम कमी करत करत बंद करतात, पिल्लू वर्षाचं होईपर्यंत सुटी. तेप्पकाडूला डॉक्टर व्ही. कृष्णमूर्तींनी हत्तींच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी इतक्या चोख ठेवल्या की पुढच्या अभ्यासकांना त्यावर काम करता आलं.

आणि आजीची गोष्ट सांगायलाच हवी. म्यानमारच्या नोंदींवरून २०१६ मध्ये एक अभ्यास आला. विशीच्या आतल्या आईचं पिल्लू, त्याच ठिकाणी आजी असेल, तर मरण्याची शक्यता आठपट कमी! झूमध्ये पहिलटकरीण आयुष्यात पहिल्यांदा पिल्लू बघते ते स्वतःचंच. काही घाबरतात, पिल्लाला तुडवतात. कळपात वाढलेली मुलगी मात्र आई-मावश्यांची बाळंतपणं बघत मोठी झालेली असते.

तेव्हा प्रश्न 'प्रजनन करा की नको' इतका सरळ नाही. कळप आहे का, रान आहे का, हा आहे.

---

मिसूरीची_माई

नीलगिरीकरांना अनुमोदन. आणि उशिराच्या पहिलटकरणीचा धोका पण लिहून ठेवते, म्हणजे कुणी उत्साहानं चाळिशीच्या हत्तिणीला नर दाखवायला जाणार नाही.

हत्तिणीचा आतला पडदा समागमातही फाटत नाही. त्याला बारीक छिद्र असतं, तेवढंच. तो फाटतो पहिल्या पिल्लाच्या वेळी. वय झालेल्या, कधीच न व्यालेल्या मादीत बाळंतपण अडतं. आणि हत्तिणीचं सिझेरियन म्हणजे जवळजवळ आईचं मरणच. ते पोट शिवून टिकवणं साधत नाही. मेलेलं पिल्लू महिनोन्महिने पोटात राहिल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून संग्रहालयांत बाळंतपणाआधी रोज प्रोजेस्टेरॉन बघतात. ते तळाला गेलं की दोन ते पाच दिवसांत पिल्लू यायला हवं. नाही आलं, तर धावपळ.

---

सह्यकडा

पडद्याचं आणि सिझेरियनचं माहीत नव्हतं. मग उतारवयाच्या एकट्या हत्तिणीसाठी करायचं तरी काय? तिला कळप देऊन आता गर्भाशय परत मिळणार नाही.

---

दावण

सह्यकडा, याच प्रश्नासाठी धागा काढला होता.

प्रजनन नको म्हणणाऱ्यांनाही, हवं म्हणणाऱ्यांनाही तपासणी टाळता येत नाही. गर्भाशय रिकामं ठेवायचं ठरवलं, तर ते रिकामं ठेवल्याची किंमत कोण मोजतंय हे बघायला नको का? वाढणाऱ्या गाठींवर उपाय अगदीच नाही असंही नाही. जीएनआरएच, म्हणजे मेंदूतून हे चक्र चालवणारं संप्रेरक, त्याविरुद्धची लस देऊन गाठी असलेल्या एका आशियाई हत्तिणीचं चक्र थांबवल्याचा अनुभव प्रसिद्ध झाला आहे. चक्र थांबलं की गाठींना खतपाणी मिळत नाही. शस्त्रक्रियेविना एवढं जरी साधलं, तरी त्या ओल्या पायांचा त्रास थांबेल.

आणि चक्र चालू आहे की नाही हे बघायला सुईच हवी असं नाही. लीदीतून प्रोजेस्टेरॉनचे अंश मोजता येतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेत वन्यप्राण्यांवर असंच, प्राण्याला हात न लावता, काम चालतं. आठवड्यातून एकदा ताजी लीद घ्यायची, आतला भाग मूठभर डबीत भरायचा, तारीख टाकायची, बर्फात ठेवायची. हे कुठलाही माहूत करू शकतो. सहा-आठ महिन्यांत कळतं की रेषा वर-खाली होते आहे की सपाट आहे.

मी त्या वेळी असं काही केलं नाही. मला ठाऊकच नव्हतं. आज ठाऊक आहे आणि हत्तीण नाही.

---

अहेरीचा_पोरगा

हा धागा उशिरा वाचला. आमच्या गडचिरोलीत कमलापूरला वनविभागाची हत्ती छावणी आहे, महाराष्ट्रातली एकुलती एक. पूर्वी लाकूड ओढायला आणलेले हत्ती, आता ते काम नाही. तिथे नर-माद्या एकत्र असतात, रानात चरायला सोडतात, तळ्यावर आणतात, त्यामुळे पिल्लं होत आली आहेत. २०२२ मध्ये हत्ती गुजरातला न्यायचं ठरत होतं तेव्हा आमच्या भागातली माणसं रस्त्यावर उतरली होती, मीही होतो.

पण मधल्या वर्षांत तिथली काही पिल्लं दगावली. नांगरताना बैल गेला तर जसं घरात कोणी जेवत नाही, तसं झालं होतं गावात. माईंनी लिहिलेला हर्पिस विषाणू आपल्याकडेही असतो का? त्यावर लस आहे का?

---

मिसूरीची_माई

असतो. भारतातही सापडला आहे. मोठे हत्ती तो अंगात बाळगून असतात, त्यांना सहसा काही होत नाही. आईचं दूध सुटू लागलं की पिल्लाची राखीव प्रतिकारशक्ती उतरते आणि मग साधारण वर्ष ते आठ वर्षांच्या पिल्लांना धोका. सकाळी खेळणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी जातं. जीभ निळसर-जांभळी पडणं, डोकं-सोंड सुजणं, सुस्तावणं, ही लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पिल्लांचं रक्त आधीपासून नियमित तपासतात. कमलापूरच्या पिल्लांचं कारण मी इतक्या लांबून सांगू नये. जून २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या झूमध्ये टेस नावाच्या चाळीस वर्षांच्या हत्तिणीला पहिली एमआरएनए लस टोचली, बेलर कॉलेजच्या लोकांनी बनवलेली. त्यावर काम चालू आहे.

---

अहेरीचा_पोरगा

माझा मामा तिथे चाराकटर होता. सध्या घरीच असतो. त्याला हा धागा वाचून दाखवला. पिल्लाचं नाव काढलं की तो उठून अंगणात जातो, पण लीदीच्या डबीचं ऐकून बसून राहिला. म्हणाला, कोणती हत्तीण कधी नराजवळ गेली, कधी कास भरली, कधी व्याली, हे त्याला आणि त्याच्यासोबतच्या दोघांना तोंडपाठ आहे. लिहिलेलं मात्र कुठेच नाही.

दावणकाका, वहीत कोणते रकाने आखायचे ते सांगाल का? पोळ्याला घरी जातोय, चार दिवस आहे. तो सांगेल तसं मी लिहून काढतो.

---

दावण

सांगतो. हत्तिणीचं नाव, कुठून आणली, अंदाजे वय. पहिल्यांदा नराजवळ गेल्याचा महिना. प्रत्येक वेत, पिल्लू नर की मादी, जगलं की नाही. वार किती वेळानं पडली. गाभडली असेल तर कितव्या महिन्यात. आणि शेवटचा रकाना मोठा ठेव: मागचे पाय कधी ओले दिसले का.